कमी किरणांतलं काळीज

रायपूरच्या ज्या हॉस्पिटलात मी हृदयाचे सीटी स्कॅन वाचायला लागले, तिथल्या टेक्निशियन काकांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. बाकीच्या बोटांची कातडी ताणलेली, गुळगुळीत, मेणकापडासारखी. नखांवर उभ्या रेघा. पहिल्या दिवशी मशीन दाखवताना माझी नजर त्या बोटांवर गेली. त्यांच्या ते लक्षात आलं. मी विचारलं नाही.

छत्तीसगढ राज्य होऊन काही वर्षं झाली होती. जिकडेतिकडे नव्या पाट्या लागत होत्या आणि किराणा दुकानापासून सलूनपर्यंत सगळ्यांच्या नावात ‘राजधानी’ आली होती. आमचं हॉस्पिटल तेलीबांध्याच्या पुढे, नव्या रस्त्यावर होतं. माझे वडील रेल्वेतून निवृत्त होऊन इथेच राहिले होते, म्हणून मी नागपूरला शिक्षण संपवून घरी परत आले. घरी आम्ही मराठी बोलायचो, बाहेर हिंदी. काकांचं घराणं मात्र भोसल्यांच्या काळापासून इथलं. त्यांचं मराठी ऐकलं की मला माझे आजोळचे लोक आठवायचे.

सीटीची खोली तळघरात होती. उन्हाळ्यात वर रस्त्यावर चटके बसायचे आणि खाली आम्ही शाल घेऊन बसायचो. उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ घरोघरी गच्चीवर साचते तशी ती या तळघरातही यायची. रोज पुसलं तरी मशीनच्या पांढऱ्या गोल कड्यावर सकाळी बोट फिरवलं की काळं व्हायचं. खिडक्या नव्हत्या. ती धूळ कुठून येते ते कुणालाच सांगता आलं नाही.

मशीनच्या खोलीत आणि आमच्या खोलीत एक जाड काच. काचेपलीकडे पेशंट एकटा. त्याच्याशी बोलायला माइक होता, पण तो आम्ही फारसा वापरत नसू, कारण मशीनमध्येच एका बाईचा आवाज भरलेला होता. ‘साँस अंदर लीजिए. रोकिए.’ मग शांतता. मग ‘छोड़िए.’ आवाज तरुण होता, थोडा घोगरा. कोणाचा होता ते माहीत नव्हतं. मशीन आलं तेव्हा तो त्यात होता.

त्या काळी हृदयाचा स्कॅन म्हणजे क्ष-किरण सलग सुरू ठेवायचे. हृदय धडधडत असतं, त्यामुळे चित्र हलतं. दोन ठोक्यांच्या मध्ये ते क्षणभर स्तब्ध होतं आणि आम्हाला हवं असायचं तेवढ्या क्षणाचंच चित्र. पण तो क्षण नक्की कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून आम्ही सगळा वेळ किरण चालू ठेवायचो आणि नंतर हवा तो तुकडा निवडायचो. बाकीचे किरण शरीरातून जाऊन वाया. चित्रं मात्र फार सुंदर यायची. धमन्या काचेसारख्या स्वच्छ. आमचे हृदयरोगतज्ज्ञ, ज्यांना सगळे बडे डॉक्टर म्हणत, ती चित्रं पेशंटच्या नातेवाइकांना मोठ्या पडद्यावर दाखवायचे.

एकदा दुपारी डबा खाताना काकांनी स्वतःहून हात टेबलावर ठेवला.

“तुमाले विचारायचं होतं ना, डॉक्टरबाई? पहिल्या दिवसापासून पाहून राहिल्या.”

मी मान हलवली.

“जुन्या सरकारी दवाखान्यात होतो मी. हाड बसवायचं तं तवा किरणाखालीच बसवत. डॉक्टर ओढत, मी धरत. अंधाऱ्या खोलीत हिरवट पडदा राहे, त्याच्यावर पेशंटचं हाड दिसे अन् माह्या बोटाचं हाड दिसे. दोन्ही संगं.” ते बोटांकडे बघत होते. “कित्येक वर्षं पाहिलं मी माहं हाड. मजा वाटे.”

“दुखत नव्हतं?”

“काहीच नाही लागलं. लागलं असतं तं हात काढला असता ना.”

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले आणि पोळीचा तुकडा मोडला. मी माझा डबा झाकला. त्या दिवसापासून स्कॅन सुरू झाला की काचेपलीकडच्या माणसाकडे बघताना मला वाटायचं, त्याला काहीतरी लागतंय आणि ते त्याला वीस वर्षांनी कळणार आहे. सीटीचा धोका काकांच्या बोटांइतका उघड नसतो. एका स्कॅनने बहुतेक कुणाला काही होत नाही. पण तरुण बायकांच्या बाबतीत किरण स्तनांतून जातात, आणि पुढे कुणाला आजार झाला तर तो किरणांमुळेच हे ओळखायला त्यावर खूण नसते. ते न दिसणं मला छळायला लागलं.

किरण कमी कसे करायचे हे मी वाचून काढलं. नव्या पद्धतीत फक्त त्या स्तब्ध क्षणापुरतेच किरण सोडायचे, बाकी वेळ बंद. त्यासाठी पेशंटचे ठोके संथ आणि एकसारखे हवेत. शरीर सडपातळ असेल तर किरणांचा जोरही कमी करता येतो, आणि गंमत म्हणजे जोर कमी केला की शिरेतून दिलेलं आयोडीनचं औषध चित्रात जास्त उजळतं. हृदयापुरतंच बघायचं, वरखाली उगाच नाही. हे सगळं पुस्तकात ठीक. पण किरण कमी झाले की चित्रात वाळू येते. कण, सगळीकडे कण. किती कमी केलं तर धमनी वाळूत बुडून दिसेनाशी होते, हे जिवंत माणसावर कसं बघणार?

काका म्हणाले, “बोकडाचं आणू.”

आम्ही रविवारी दुपारी हा उद्योग केला, कारण तेव्हा विभाग बंद असे. काकांनी सकाळी बाजारातून बोकडाचं काळीज, म्हणजे हृदयच, आणलं, स्वच्छ धुतलं. मी त्याच्या बारीक धमन्यांत जिलेटिनमध्ये कालवलेलं आयोडीन भरलं आणि काकांनी अर्ध्या बोटाने दोरा धरून गाठी मारल्या. लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी पाण्याने भरून त्यात ते काळीज सोडलं आणि बरणी टेबलावर पेशंटच्या जागी ठेवली. ठोक्यांशिवाय नवी पद्धत सुरू होत नाही, पण मशीनमध्ये चाचणीसाठी खोटे ठोके चालवायची सोय होती. काकांनी ती सुरू केली. पडद्यावर हिरवी रेघ धावायला लागली. संथ, एकसारखी. इतकी एकसारखी की जिवंत माणसाची कधी नसते.

सूचनांचा आवाज बंद करायचं आम्हाला सुचलं नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी ती बाई त्या बरणीला सांगायची, ‘साँस अंदर लीजिए. रोकिए.’ पाण्यात लटकलेलं ते काळीज टेबल सरकलं की किंचित हलायचं. मग टेबल थांबलं की स्थिर व्हायचं. ‘छोड़िए.’

पहिलं चित्र पूर्ण किरणांचं. रेखीव. मग थोडे कमी, मग आणखी कमी. दर वेळी चित्र पडद्यावर आलं की मी धमनीच्या टोकाला बोट लावायचे आणि टोक थोडं मागे सरकलेलं असायचं. वाळूने ते गिळलेलं असायचं. शेवटी काळजाचा आकार उरला आणि आत नुसती वाळू. काळीज तेच होतं, बरणीत, डोळ्यांसमोर. फक्त चित्रातून ते नाहीसं होत गेलं. मी काकांना म्हटलं, दोन पायऱ्या मागे घ्या. तिथे धमनी परत आली, कणीदार पण सलग. तिथेच आम्ही रेघ ओढली.

तेवढ्यात फरशी पुसायला दाई आली. वयस्क छत्तीसगढी बाई, विभागात सगळे तिला दाई, म्हणजे आईच, म्हणायचे. तिने काचेतून बरणी बघितली. मग पडद्यावरची धावती हिरवी रेघ बघितली.

“ये ह जीयत हे का?” तिने विचारलं. हे जिवंत आहे का?

“नइ दाई, मर गे हे,” काका म्हणाले.

“त काबर धड़कत हे?” मग धडधडतंय कशाला?

काकांनी घाईने खोटे ठोके बंद केले. रेघ लगेच सपाट व्हायला हवी होती. ती थोडा वेळ चालत राहिली, मग थांबली. मशीनला आज्ञा पोचायला वेळ लागतो, बाकी काही नाही, हे मला माहीत होतं. दाईने बादली तिथेच ठेवली आणि निघून गेली. फरशी त्या दिवशी काकांनी पुसली.

त्यानंतर आम्ही माणसांवर ही पद्धत वापरायला लागलो. ज्यांचे ठोके संथ, अंग सडपातळ, त्यांच्यावर आधी. बड्या डॉक्टरांना चित्रं आवडली नाहीत. “ये रेत क्यों है?” ते विचारायचे. मी समजावून सांगायचे, ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “देखिए, मुझे साफ़ चाहिए.” त्यांचंही चुकत नव्हतं. धमनी अरुंद आहे की नाही यावर ते माणसाची छाती उघडायची की नाही ते ठरवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात बीरगावची एक तरुणी आली. तिचा नवरा उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता आणि त्या दिवशी ड्यूटीवर होता, म्हणून सासू बरोबर आलेली. पोरगी तिशीच्या आतली, काडीसारखी. जिना चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायचं आणि दोनदा ती शुद्ध हरपून पडली होती. तिच्या वयाला हृदयाचा आजार कुणी धरला नव्हता. अशक्तपणाच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. बड्या डॉक्टरांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून तपासलं, काहीतरी गडबड वाटली, आणि खाली पाठवलं.

तिचे ठोके नव्वदच्या वर होते. आम्ही ठोके मंदावणारी गोळी दिली आणि बसवून ठेवलं. थोडे उतरले, पण हवे तितके नाहीत. तरी टेबलावर घेतलं. हात डोक्यावर, छातीला तारा, दंडात सुई. आधी श्वासाचा सराव करून घ्यायची पद्धत असते. मी बटण दाबलं. आत आवाज आला, ‘साँस अंदर लीजिए. रोकिए.’

तिने श्वास घेतला नाही. ती मान वळवून कड्याच्या आत बघायला लागली. पडद्यावर ठोके भराभर चढले. मग ती उठून बसली, एक तार निघून लोंबायला लागली.

काका आत गेले. मला माइकमधून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“का होगे नोनी?” काय झालं, पोरी?

“भीतर मोर दीदी गोठियावत हे.”

आत माझी मोठी बहीण बोलते आहे. ती हे किंचाळून म्हणाली नाही. कुणी दारात आलंय हे सांगावं तशी म्हणाली. काकांनी वळून काचेतून माझ्याकडे बघितलं.

“दीदी कहाँ हे तोर?”

“नइ हे अब.”

काकांनी तिला निजवलं, तार परत लावली. बाहेर येऊन मला म्हणाले, “आवाज बंद करा. मी बोलतो.” मग माइकजवळ बसले आणि छत्तीसगढीत, घरच्या माणसाशी बोलावं तसं तिच्याशी बोलत राहिले. गावात तळ्याला पाणी आहे का, तुझ्या वस्तीत लाइट जाते का, असलं काहीबाही. ती उत्तरं देत होती. रेघ हळूहळू संथ झाली. नव्वद, मग सत्तर, मग साठच्याही खाली. मी किरणांचा जोर बोकडाच्या काळजावर ठरवलेल्या रेघेपर्यंत खाली आणला.

“साँस ला भीतर ले. रोक. झन डर्रा,” काका म्हणाले. घाबरू नको.

मशीन फिरलं. काही ठोके, तेवढ्यात झालं. किरण दर ठोक्याला क्षणभर, बाकी वेळ नाही. “छोड़ दे.”

चित्र कणीदार आलं. मी मुळापासून बघायला सुरुवात केली. हृदयाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या महाधमनीच्या दोन बाजूंनी निघतात, डावी डावीकडून, उजवी उजवीकडून. उजवी जागेवर होती. डावीच्या जागी काही नव्हतं. मला आधी वाटलं वाळूने खाल्लं. मग मी चित्राचा कोन फिरवला आणि ती सापडली. ती उजवीच्या शेजारून निघाली होती आणि महाधमनी आणि फुफ्फुसाकडे जाणारी धमनी या दोन मोठ्या नळ्यांच्या मधल्या फटीतून, चपटी होत, डावीकडे गेली होती. जन्मापासून अशीच असणार. माणूस पळायला लागला, चढ चढायला लागला की त्या दोन्ही नळ्या फुगतात आणि मधली चिमटली जाते. बऱ्याच जणांचं हे असणं ते वारल्यावरच कळतं.

सासू बाहेर बाकावर बसली होती. मी तिला विचारलं, हिची मोठी बहीण कशाने गेली?

“तरिया ले पानी धर के चढ़त रिहिस,” सासू म्हणाली. तळ्यावरून पाणी घेऊन बांध चढत होती. बांधावर पोचली, घागर उतरवली नाही, तशीच पडली. पंचवीसही नव्हती. “मनखे मन कहिन नजर लगे हे.” लोक म्हणाले, नजर लागली.

मी आत परत आले. काकांना सांगितलं. ते वळून मशीनच्या कड्याकडे बघायला लागले.

बडे डॉक्टर खाली आले, चित्र बघून त्यांनी कपाळाला आठी घातली. “फिर रेत. दुबारा कीजिए, पूरे डोज़ पर.”

“सर, एकदा माझ्याबरोबर बघा,” मी म्हटलं, हिंदीतच, पण माझा आवाज मराठी झाला होता, राग आला की तसा होतो. मी माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः मुळापासून फिरवायला सुरुवात केली. डावीच्या जागी थांबले. परत मागे गेले. मग ती फट सापडली. त्यांचं बोट पडद्यावर टेकलं आणि त्या चपट्या नळीवरून हळूहळू शेवटपर्यंत गेलं. मी त्यांना तिच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं.

“दुबारा मत कीजिए,” ते म्हणाले. उठताना म्हणाले, “इसकी और बहनें हैं?”

होती. सगळ्यात धाकटी, शाळेत जाणारी.

बीरगावच्या त्या पोरीचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं, कारण अशी शस्त्रक्रिया तेव्हा आमच्याकडे होत नव्हती. ती तिकडे असतानाच तिची आई धाकटीला घेऊन गावाहून आली. मुलगी धडधाकट, शाळेच्या मैदानात पळणारी. तिला काही त्रास नव्हता. सोनोग्राफीवर धमन्यांची मुळं नीट दिसेनात. एक दिसली, दुसरीबद्दल खात्री देता येईना.

त्या दिवशी मी घरी गेले आणि आईशी बोलत बसले. आईला मी काय करते ते कधी नीट कळलं नाही.

“बरी आहे ना पोट्टी? मंग काहून तिले मशीनमधी घालतं?” आईने विचारलं.

“तिची एक बहीण गेली, आई. दुसरी जाता जाता राहिली.”

“अन् मशीननं तिले काही झालं तं?”

धोका फार कमी होता, आणि न बघण्याचा धोका त्याहून मोठा. पण डोळ्यांसमोर काकांची बोटं येत होती. धडधाकट मुलीला किरण द्यायचे, तेही छातीतून. पूर्ण किरणांची जुनी पद्धत असती तर मी बहुधा नाही म्हटलं असतं.

स्कॅनच्या दिवशी आम्ही आवाज आधीच बंद करून ठेवला होता. मुलगी टेबलावर निजली आणि म्हणाली, तिला तो आवाज ऐकायचा आहे. तिच्या मधल्या दीदीने ऑपरेशनला निघण्याआधी तिला सांगितलं होतं, त्या मशीनमध्ये बडी दीदी आहे म्हणून. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काही ठरवायच्या आत तिची आई आमच्या खोलीत आली. तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण ती आली आणि काचेजवळ उभी राहिली.

“महूँ सुनहूँ,” ती म्हणाली. मीही ऐकेन.

काकांनी आवाज सुरू केला. आमच्या खोलीतल्या छोट्या स्पीकरवरही तो यायचा. ‘साँस अंदर लीजिए. रोकिए.’ शांतता. ‘छोड़िए.’

मुलगी आत स्थिर पडून होती. बहीण गेली तेव्हा ती फार लहान होती, तिला आवाज आठवणं शक्य नव्हतं. मी तिच्या आईकडे बघत होते. चेहरा हललाच नाही तिचा.

“तुमच्या मुलीचा आहे?” मी हिंदीत विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, नको होतं विचारायला.

“ओ तो हिंदी नइ बोलत रिहिस,” ती म्हणाली. ती कुठे हिंदी बोलायची. मग थोडं थांबून म्हणाली, “एक बेर अउ सुना दे, बेटा.”

काकांनी परत लावला. मग आणखी एकदा. ‘रोकिए’नंतरच्या शांततेत मुलीची आई पदर तोंडावर धरून उभी असायची. तिसऱ्यांदा ‘छोड़िए’ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, “हव.” कुणाच्या तरी बोलण्याला होकार द्यावा तसं.

मुलीचे ठोके पडद्यावर आपोआप उतरत होते. तिला गोळीसुद्धा द्यावी लागली नाही. काका माइकपासून दूर सरकले, म्हणाले, “याच आवाजावर घ्या.” मी सगळ्यात कमी जोर लावला, धमन्यांच्या मुळांपुरतीच जागा निवडली, खालचं हृदय सोडून दिलं. औषध गेलं. ‘साँस अंदर लीजिए. रोकिए.’

मशीन फिरलं. मी पडद्याकडे बघायला हवं होतं, पण मला शेजारी काहीतरी जाणवलं. मुलीच्या आईने श्वास धरला होता. काचेला कपाळ टेकवून, डोळे मिटून. मशीन थांबलं तरी ती तशीच होती. ‘छोड़िए’ ऐकू आलं तेव्हा तिने श्वास सोडला आणि काचेवर मोठं धुकं उमटलं. आमच्या खोलीत शाल घेऊन बसावं लागतं हे खरं, पण एवढं धुकं मी त्या काचेवर कधी पाहिलं नव्हतं.

चित्र इतकं कणीदार होतं की कुणी शिकाऊ डॉक्टरने फेकून दिलं असतं. मी जवळ सरकून बसले. उजवी, उजवीकडून. मग मी डावी शोधायला लागले. ती डावीकडून निघाली होती, गोल, मोकळी, जिथे असायला हवी तिथे. मी तीनचारदा मागेपुढे केलं. दोन मोठ्या नळ्यांच्या मध्ये काही नव्हतं.

“ठीक आहे,” मी मराठीत म्हणाले. काकांनी ते आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. तिने ऐकलं, मान हलवली. ती काचेपलीकडे बघत होती. मुलीकडे की मशीनकडे, ते मला सांगता येणार नाही.

पावसाळ्याच्या आधी कंपनीचा इंजिनियर आला. त्याने मशीनमध्ये नवा प्रोग्राम टाकला. त्यामुळे कमी किरणांच्या चित्रातली वाळू पुसली जायची आणि धमन्या परत गुळगुळीत दिसायच्या. बडे डॉक्टर खूश झाले. मी खूश झाले, पण जरा घाबरूनच. ती चित्रं मेणाची वाटायची. कणांच्या जागी मशीन स्वतःच्या अंदाजाने काहीतरी भरत होतं, आणि तो अंदाज चुकला तरी तितकाच सुंदर दिसला असता. पुढे कित्येक वर्षं मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वाचायचे, आधी वाळूचं, मग मेणाचं.

त्या दिवशी नवा प्रोग्राम लागल्यावर काकांनी सूचनांचं बटण दाबून बघितलं. दुसऱ्याच बाईचा आवाज आला. प्रौढ, स्वच्छ, बातम्या देणाऱ्या बाईसारखा.

“जुना काहून काढला?” त्यांनी इंजिनियरला विचारलं. तो नागपूरकडचा मुलगा होता.

“काढला नाही, काका. हिंदीचा हाच आहे. आधीपण हाच होता.”

“हा नव्हता.”

त्याने लॅपटॉप उघडून आम्हाला दाखवलं. सगळ्या मशीनमध्ये हीच फाइल असते, बदललेली नाही. काकांनी परत एकदा बटण दाबलं, ऐकलं, आणि खुर्ची पुसायला लागले. नंतर चहा पिताना मी तो विषय काढला तर म्हणाले, “आता वयच झालं माह्यं. कान कुठं राहिले.” त्यांचे कान चांगले होते. माझं वय तर तेव्हा काहीच नव्हतं. या गोष्टीचा मला आजवर उलगडा झालेला नाही, आणि मी तो करायचा फार प्रयत्नही केला नाही.

धाकटीची आई त्यानंतर एकदा आली. तिला काही दाखवायचं नव्हतं. शहरात लग्नाला आली होती, म्हणून जिना उतरून खाली आली आणि काकांना म्हणाली, एकदा ऐकव. काकांनी सांगितलं की मशीनमधला आवाज बदललाय. ती बाकावर थोडा वेळ बसली, पाणी प्याली आणि गेली.

काका निवृत्त झाले, पण त्या आधी त्यांनी नव्या मुलांना ठोके उतरवायची युक्ती शिकवली, म्हणजे नुसतं बोलत राहायचं. त्यांच्या मधल्या बोटावर पुढे जखम झाली, ती भरेना, आणि तेही पेरातून काढावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा ते अंगणात बसून दुसऱ्या हाताने पेपर उलटत होते. किरणांबद्दल आम्ही बोललो नाही. नव्या रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल बोललो.

बीरगावची ती तरुणी ऑपरेशननंतर बरी झाली. वर्षभराने ती नवऱ्याबरोबर आली. टाक्यांच्या जागी ओढ बसते म्हणून तिला काळजी वाटत होती. बड्या डॉक्टरांच्या हाताखालच्या नव्या डॉक्टरने सीटी लिहून दिला होता. मी तिला टेबलावर घ्यायच्या आधी तपासलं. छातीचं हाड नीट जुळलं होतं, दाबलं की तिथेच दुखत होतं, चढ चढताना काही होत नव्हतं. मी वर फोन केला आणि सांगितलं की हिला स्कॅनची गरज नाही. नव्या डॉक्टरने जरा वाद घातला, मग मान्य केलं.

तिला हे कळलं तेव्हा ती मशीनच्या खोलीच्या दाराशी उभी होती. आत डोकावून तिने नवऱ्याला मशीनचं कडं दाखवलं, हळू आवाजात काही सांगत. मग दोघं जिना चढून वर गेले. ती पुढे होती.